वैरिणीचा अर्ज

“उठला! पुन्हा उठला मेला!” बाइंडिंगच्या टेबलावर बसलेली बाई पुटपुटली आणि तिने कागदावर वेळ टिपली. छापखान्यातला कटिंगवाला सकाळपासून चौथ्यांदा मोरीकडे निघाला होता. परतताना नळावर थांबून त्याने तीन पेले पाणी घशाखाली ओतलं.

तीन वर्षांपूर्वी याच माणसाच्या साक्षीवरून तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

पंधरा दिवस पाळत ठेवून तिने अर्ज खरडला. सारखा लघवीला उठतो, पाणी ढोसतो. जेवण होताच डुलक्या घेतो. मापपट्टीवरचे आकडे दिसत नाहीत, दोनदा माल वाया घालवला. अंगठा कापलाय तो महिना झाला तरी चिघळतोच आहे. दोन माणसांचं जेवतो आणि तरी कपडे अंगावर लोंबतात. नक्की दारू पीत असणार.

मॅनेजरने कटिंगवाल्याला बोलावलं. “हा अर्ज घे आणि डॉक्टरांना दाखव. तोवर मशीनला हात लावायचा नाही.”

“ती जळते माझ्यावर, साहेब!”

“जळू दे. तू तपासून ये.”

तिसऱ्या दिवशी तो थेट तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“दारू नाही. साखर आहे, चारशेच्या वर. अजून महिनाभर असाच राहिलो असतो तर आटोपलंच होतं म्हणे.”

“मी तुला वाचवायला नव्हतं लिहिलं.”

“माहितीय. मी कुठे आभार मानतोय?” तो जायला वळला, पण थांबला. “डॉक्टरांनी विचारलं, इतकं बारीक लक्ष कोणाचं, बायकोचं का? म्हटलं, ती जाऊन सहा वर्षं झाली. हे वैरिणीचं आहे.”

बाईने पुढचा गठ्ठा ओढून टेबलावर आपटला.

नजर निवळेपर्यंत मॅनेजरने त्याला घड्या घालायच्या कामावर बसवलं, नेमकं तिच्यासमोर. तिने स्टूल वळवून त्याच्याकडे पाठ केली.

दुपारी कागद घ्यायला वळली, तेव्हा त्याच्या गठ्ठ्यातली निम्मी पानं तिरकी दुमडलेली दिसली. तो डोळे बारीक करून कडा जुळवायला धडपडत होता. मॅनेजरला हाक मारली असती तर आजच त्याचा निकाल लागला असता.

तिने वरची घडी उचलली, उलगडली, नखाने दाबून सरळ केली आणि त्याच्याच गठ्ठ्यावर परत ठेवली. मग दुसरी घेतली.

दोघांनीही मान वर केली नाही.