आतली दगडी

ताडकळसात धम्मशीलाच्या गोठ्यातलं दूध थेट घरात घ्यायला लोकांनी बरीच वर्षं लावली. आधी सुमनबाईंनी रतीब लावला, मग त्यांचं बघून गल्लीतल्या आणखी घरांनी. त्याच दुधाची, सुमनबाईंच्या लेकीच्या, भक्तीच्या साखरपुड्याची बासुंदी उकळताच फाटली.

सुमनबाई पातेलं घेऊनच धम्मशीलाच्या दारात आल्या. "काय घातलीस गं ह्याच्यात? पाव्हण्यांसमोर नाक कापलंस माझं."

"लेकरांची आण, काकू, थेंबभर पाणी न्हाई."

त्या तणतणत गेल्या. धम्मशीलानं चरवीतलं उरलेलं कच्चं दूध चाखलं. किंचित खारट लागलं. तिनं लगेच जनावरांच्या डॉक्टर मंजुषा मॅडमना फोन केला.

मॅडमनी पहिल्या गाईच्या एकेका सडाचं दूध चार खळग्यांच्या ताटलीत पिळलं, वर जांभळं औषध ओतून ताटली गोल फिरवली. एका खळग्यातलं दूध पातळ राहिलं. बाकी तिन्हींत शेंबडासारखं घट्ट झालं.

"दगडी आहे हिला. कासेचा रोग."

"कास तर लोण्यावानी मऊ हाय, मॅडम. ना सूज, ना गाठ."

"म्हणून तर कळत नाही. रोग आतच दबून राहतो. दूध पांढरं दिसतं, पण नासकं असतं."

दुसऱ्या गाईचेही दोन सड तसेच निघाले. "हिला पिळून त्याच हातानं तिला पिळता ना?" मॅडमनी विचारलं. धम्मशीलानं हात पदराखाली घेतले.

खरं सांगितलं की डाग पुसेल, असं वाटून ती सुमनबाईंकडे गेली. "काकू, पाणी नव्हतं. गायच आतून आजारी व्हती."

सुमनबाईंचा चेहरा पडला. "म्हंजी इतके दिवस आजारी गाईचं दूध पाजलंस आमाला?"

संध्याकाळपर्यंत सगळे रतीब बंद झाले.

मॅडमनी सडांत औषध सोडलं. पुढं पुन्हा तपासलं, तर ताटलीत तसंच घट्ट. "दुखणं जुनं आहे. हे सड आता सुधारतील असं वाटत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

सिद्धोधननं, तिच्या नवऱ्यानं, रात्री विषय काढला. "बाजारात नेऊ दोन्ही. वरून बघून कुणाला कळायलंय?"

"अन् घेणारीच्या लेकरानं काय प्यायचं?"

त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. दुसरा मार्गही सुचवला नाही.

गल्लीत आता पिशवीचं दूध येतं. धम्मशीला दिसली की सुमनबाई दार लोटून घेतात. धारा मात्र काढाव्याच लागतात, नाहीतर कास ठणकते. आता ती प्रत्येक गाईआधी औषधाच्या पाण्यानं हात धुते. बादली फेसानं भरते. दूध तसंच, शुभ्र. ती गोठ्यामागच्या खड्ड्यात ते ओतते, मातीत जिरेपर्यंत उभी राहते, आणि दुसरीच्या धारा काढायला वळते.