मोरपंखीचा मेहंदी झाला

"शेठ, राघोला तुम्ही खोटारडा ठरवलंत. खोटं बोलला तो तुमचा कॉम्प्युटर."

पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधल्या माडीवरच्या ऑफिसात योगिताने हे उभ्या उभ्याच शेठच्या तोंडावर फेकलं. रंगखात्यातला राघो शपथेवर सांगत होता, व्यापाऱ्याचा फोन आला म्हणून त्याने कापडाच्या एका लॉटचा रंग मेहंदी होता तो मोरपंखी केला, स्क्रीनवर नोंदवलाही. नोंदीत मात्र मेहंदीच होता. पुढच्या पाळीने नोंद बघून अख्खा लॉट मेहंदी रंगवला आणि शेठनी राघोला घरी बसवलं.

नोंदींचा प्रोग्रॅम योगितासोबत ऑफिसात काम करणाऱ्या हर्षदाने लिहिलेला. तिला पहिली क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरमधली नोंद शोधायची-बदलायची आज्ञा, योगितानेच शिकवली होती, नवागामच्या आपल्या खोलीत, समोर बसवून. आता हर्षदा ओआरएम नावाचं तयार साधन वापरायची. त्यात क्वेरी लिहायचीच नाही. नोंद वस्तूसारखी हातात घ्यायची, बदलायची, सेव्ह करायची. वर विचारायची, "ताई, तू अजून हातानंच दळते का गं?" शेठ तिला 'हर्षदा बेटा' म्हणत. एसीखालची खुर्चीही तिलाच. योगिताचं रोज पित्त खवळायचं. चूक सापडली तेव्हा तिला राघो आठवलाच नाही. आधी आनंदच झाला.

आता शेठसमोर तिने दोन स्क्रीनवर एकच लॉट उघडला. पहिलीवर रंग मोरपंखी करून सेव्ह केला. दुसरी आधीचीच उघडी होती. तिच्यावर फक्त गाडीनंबर टाकून सेव्ह केलं. प्रोग्रॅमने नुसता नंबर लिहिला नाही, हातात धरलेली जुनी नोंद अख्खीच्या अख्खी परत लिहिली. मोरपंखी पुसला गेला, मेहंदी परत आला. माल पाठवणाऱ्या डिस्पॅचच्या मयुरीने त्या दिवशी लॉट उघडा ठेवून नकळत हेच केलं होतं.

शेठना मराठी कळायचं, बोलायचे मात्र हिंदीतच. हर्षदाकडे बघून ते हसले. "योगिताबेन, तू जलती है इससे. सबको मालूम है."

मयुरीने उगाच फाईल उघडली. योगिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण ती बसली नाही.

"जळते. ती आली तेव्हापासून जळते, उद्याही जळेन. म्हणून स्क्रीनवर दिसलं ते खोटं झालं का? तिला ठेवा, डोक्यावर बसवा, पाहिजे तर मला काढा. पण राघोला तुम्ही खाली सगळ्या पाळीसमोर खोटारडा म्हणालात. आता त्याच पाळीसमोर काय म्हणणार आहात, तेवढं सांगा."