क्रांतीचा वाफा

नानासो खाटेवरून उठले, पायात चपला सरकवल्या आणि कुणाचा हात न धरता रानाकडं निघाले. सुलाबाईचा हात पिठात तसाच राहिला. दीड वर्ष झालं, तिचा नवरा दारातल्या खाटेला खिळून होता. दुखणं डोक्याचं. आधी गावातली माणसं विसरला, मग पोटची लेक, मग बायको. पुढ्यात ताट ठेवलं तर जेवायचा, न्हाईतर बसून राहायचा. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच. आणि आज तोच माणूस वळून म्हणतोय, "सुले, कुदळ कुठाय? हळद काढायला आलीया आन् तू भाकऱ्या थापत बसलीयास व्हय?"

सुले! बाई तशीच पिठाच्या हातानं मागं धावली.

रानातली हळद गड्यांनी कालच काढली होती. खोपीपाशी हळद शिजवायचा मोठा कुकर धडधडत होता. कडेचा एक वाफा तेवढा उभा होता. तो क्रांतीचा.

क्रांती त्यांची एकुलती लेक, साताऱ्याला वनस्पतींच्या संशोधनात, कंत्राटावर. हळद लावायची ती गड्ड्यापासून, बी धरतंय कुठं? धरलंच तर एखादं, नशिबानं. पोरीनं असलं बी गोळा करून रोपं केली. सगळी कंदकुजीनं सडली, एक तेवढं सडलं नाही. त्या एकाचे गड्डे लावत, वाढवत तिची ऐन उमेदीची वर्षं गेली. स्थळं आली, परत गेली. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत बुरशी शिरली, तिकडच्या रानातली लावण ओढ्याच्या पुरात गेली. उरलं ते गेली तीन वर्षं ती बापाच्या रानात, ह्याच कडेच्या वाफ्यात लावत आली. आता वरचे साहेब म्हणाले होते, हे कंद घेऊन या, मोठी चाचणी तुमच्याच हाताखाली लावू, नोकरी कायम करू. म्हणून शनिवारी ती येणार होती. आज शनिवारच. जाताना तिनं दहादा बजावलं होतं, "आई, ह्या वाफ्याला कुणाला हात लावू देऊ नगंस. जगात दुसरीकडं ही हळद कुठंच न्हाई."

नानासो त्याच वाफ्यापाशी थांबले. "एक वाफा कुणी सोडला रं? गडी हायसा का बुजगावणी?"

धनाजी गडी पुढं झाला. "मालक, त्यो ताईंचा..."

सुलाबाईनं त्याला हातानंच गप्प केलं.

का केलं, ते तिचं तिला ठाऊक. ह्याच दुखण्यात मागं एकदा नानासोंनी विळा उचलला होता, ती 'राहू द्या' म्हणाली, तर माणूस जो विझला तो आठवडाभर बोलला नाही. आता 'थांबा' म्हणायला तिची जीभ उचलेना. म्हणाली मनात, दोन गड्डे काढतील, दमतील, बसतील.

दमतंय कोण! नानासोंनी वाफा असा काढला, की बघत राहावं. वाटेत खुणेच्या रंगीत पट्ट्या लागल्या, त्या उपसून तिच्या हातात दिल्या. "पोरांची खेळणी दिसत्यात, ठेव जपून." मागं बोटाएवढं हळकुंड सोडलं नाही. टोपली भरली आणि म्हणाले, "धर गं त्या बाजूनं."

तिनं धरली. चालताना ते तिला चिडवत होते, म्हातारी झालीस, दम लागतोय. तिला हसू येत होतं. देवा, लाज कशी वाटली नाही, पण येत होतं! टोपली कुकरात रिकामी झाली तेव्हा कुठं तिचं ध्यान कमरेला खोचलेल्या पट्ट्यांवर गेलं. शिजलेला गड्डा काय रुजतोय पुन्हा?

दुपारच्या एसटीनं क्रांती आली. नानासो खोपीतून ओरडले, "बाय, आलीस? ये, काडी घालून बघ. माझ्या हातची हाय."

बापानं ओळखलं म्हणून पोरगी धावतच आली, आणि तिची नजर मोकळ्या वाफ्यावर गेली. ती जागीच थांबली. मग पुढं होऊन तिनं काडी घेतली, गड्ड्यात खुपसली. काडी आरपार गेली.

"शिजलीया का न्हाई?"

"शिजलीया, आबा," ती म्हणाली. "बरोबर शिजलीया."

नंतर ती वाफ्यात गुडघ्यावर बसून माती उकरत राहिली. नखं पिवळी झाली, हाताला एक तुकडा लागला नाही. सुलाबाई मागं जाऊन उभी राहिली.

"आई, तू कुठं हुतीस?"

"हितंच. टोपली एका बाजूनं मीच धरली हुती." खोटं बोलायचं तिच्या मनातच आलं नाही. "मला सुले म्हणाले गं."

क्रांती रागानं काहीतरी बोलणार होती. पण "मला बी बाय म्हणाले," एवढं म्हणाली आणि मातीच्या हातात तोंड झाकून हमसून हमसून रडली. तिला जवळ घ्यायचं धाडस सुलाबाईला झालं नाही.

सकाळी नानासो खाटेवर होते. क्रांतीनं चहा दिला, तसं त्यांनी अंग चोरून घेतलं आणि परक्या बाईला करावा तसा नमस्कार केला.

"आबा, हळद काढली बरं का," ती म्हणाली. "तुमीच काढली."

"मी?" नानासो घाबरे झाले. "न्हाई, न्हाई, पावणं. मी कशाला काढीन? त्यो वाफा आमच्या लेकीचा हाय. ती येणार हाय. तिच्याबिगर त्याला कुणी हात लावायचा न्हाई."