एका डोळ्याचा भोपळा

"तो भोपळा गाडीत चढला तर मी येणार नाय," येसाजी बोलला आणि हातातली शिदोरीची टोपली त्यानं ओटीवर आदळली.

"मग नका येऊ," अंबाबाई म्हणाली. "बैल हाकायला नामा हाय."

बैल जुंपलेले होते. नामा, म्हणजे या दोघांचा लेक, जुवावर हात ठेवून उभा. त्याची बायको भागू पदरात तोंड घालून उभी. आणि मी अंबाबाईच्या काखेत. एवढं भांडण माझ्यावरनं चाललं होतं, पण मला कोणी एका शब्दानं विचारीना. माणसांचं हे असंच असतं. मित्रांनो, तुमी तरी ऐका.

मी एक जुना कडू भोपळा हाय. खालापूरच्या खालच्या अंगाला पाताळगंगेच्या काठी येसाजीचं घर. त्याच्या गोठ्याच्या छपरावर आमचा वेल चढला होता. आमी दोघं भाऊ शेजारी शेजारी लागलो आणि कडू निघालो, म्हणून विळीखालनं वाचलो. अंबाबाईनं आमाला वेलावरच सुकू दिलं, मग चुलीवरच्या धुरात टांगलं. आमी दगडागत टणक झालो, पोटात बिया खुळखुळायला लागल्या. मग अंबाबाईनं अंबाडीची तीन पदरी दोरी स्वतः वळली आणि आमाला एकमेकांना बांधलं. झाली सांगड. दोरी छातीवरनं घ्यायची, एक भोपळा या काखेत, दुसरा त्या काखेत, की माणूस नदीत बुडत नाय.

येसाजीचं भाताचं शेत नदीच्या पल्याड. त्याची लेक बायजा, नऊ वर्सांची, भाकरीचं फडकं डोक्याला बांधून रोज आमच्यावर तरंगत पल्याड जायची. बोलायची फार. आमच्याशी पण बोलायची. एकदा तिनं बापाच्या चंचीतला चुना चोरला आणि माझ्यावर एक डोळा काढला, भावावर दुसरा. माझा उजवा, त्याचा डावा. म्हणाली, आता तुमच्या दोघांचा मिळून एक चेहरा झाला, फारकत घेऊ नका. आख्खं गाव आमाला मागून न्यायचं. येसाजीची सांगड हाय ना, मग पोर पाण्यात सोडा, असं लोक म्हणायचे. ते दिवस मला आठवतात.

मग मानमोडीच्या तापाची मोठी साथ आली, त्याआधी दोन वर्सं, भादव्यात, भर दुपारी बायजा भाकरी घेऊन निघाली. मी एकटाच काठाला परत लागलो. भाऊ नाय, बायजा नाय. तीन दिवस माणसांनी नदी धुंडाळली, हाती काय आलं नाय. येसाजीनं सगळ्यांना सांगितलं, पोरीनं खेळता खेळता गाठ सोडली. गावानं मान हलवली. पोर अवखळ होतीच, असं पण दोघीतिघी म्हणाल्या. मला असा राग आला. मी तिच्या काखेत होतो की नाय? पण मला एक डोळा दिलेला, तोंड कुठं दिलेलं.

त्यापुढची नऊ वर्सं मी पडवीतल्या खुंटीवर. कोळ्यांनी जाळी केली, उंदरानं देठ चावला, कोणी फडकं मारलं नाय. पण भादव्यात एखाद्या दुपारी वारा नसायचा, पान हलत नसायचं, आणि माझ्या पोटातल्या बिया आपोआप खुळखुळायच्या. लांब कुठंतरी भावाच्या पण खुळखुळत असणार, एवढं मला कळायचं. घरातली माणसं त्या वेळी एकमेकांकडं बघायची नायत.

खालापूरच्या बाजाराला रेवसची सोनाबाई कोळीण सुके बोंबील घेऊन यायची आणि अंबाबाईकडं भाकर खायची. यंदा शिमगा झाला तशी ती म्हणाली, बाय, तुमी साऱ्यांनी एकदा दर्या बघायला या, आमचा मंगळ्या तुमाला होडीतनं नेईल, गळ टाका, लागेल तो मासा तुमचा. मंगळ्या तिचा नवरा. नामाला तर पंखच फुटले. भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या आधी आठ दिवस मोकळे होते. त्यानं सगळं ठरवलं: बैलगाडीनं पेण, तिथं एक मुक्काम, मग धरमतरला गाडी ठेवून शिडाच्या मचव्यानं रेवस. दोन दिवस सोनाबाईच्या पडवीत, तिसऱ्या दिवशी होडी. तारा वाकवून त्यानं गळ पण केले. भागूला शिंपले पायजे होते. येसाजीनं सुद्धा, नको म्हणायला काय सापडेना म्हणून, बरं म्हटलं.

मग पयल्यांदाच पडवीत येऊन हात धुताना सोनाबाईची नजर माझ्यावर गेली. तिनं तांब्या खाली ठेवला.

"या डोळ्याचा जोडीदार आमच्या खाडीच्या तोंडाशी हाय," ती म्हणाली. "भरतीला आत येत नाय, ओहोटीला भायेर जात नाय. नऊ वर्सं झाली. गळ्याला केळीचं सोपट, सालीची दोरी, लोंबतंय, ते पण कुजत नाय. आमच्यातलं कोणी त्याला हात लावीत नाय."

येसाजी सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता थांबला.

नामानं तेवढ्यात विचारलं, होडीत किती माणसं बसतात, आमी चौघं. सोनाबाई माझ्याकडंच बघत म्हणाली, पाच बसतात, पाचच धरा.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. परगावी निघायचं ठरलं की जाणाऱ्यानं आपल्या हातानं मूठभर तांदूळ सुपात टाकायचे. ज्यानं मूठ टाकली त्याला मग मागं राहता येत नाय. तर निघायच्या आदल्या सकाळी चौघांनी चार मुठी टाकल्या आणि सूप माझ्या खुंटीखाली ठेवलं. जरा वेळानं भागू सूप उचलायला आली आणि तिथंच खाली बसली. सुपात पाच ढीग होते. पाचवा इवलासा, लहान पोराच्या मुठीचा. आणि तांदूळ ओले.

अंबाबाईनं उंदीर-मांजराचं नाव सांगून ढीग मोडला, सगळ्यांना परत मुठी टाकायला लावल्या. उन्हं ओसरीवर आली तवा परत पाच. मग तिसऱ्या खेपेला नामा सूप घेऊन दारात बसला, म्हणाला मी नजर हलवीत नाय. त्यानं हलवली पण नाय. मी वरनं बघत होतो, मित्रांनो. ती मूठ पडताना मी बघितली. हात नव्हता, नुसते तांदूळ पडले, एकेक, ठिबकल्यागत.

अंबाबाईनं तो पाचवा ढीग वेगळ्या फडक्यात बांधला. मग खुंटीवरनं मला काढलं, पदरानं पुसलं. नऊ वर्सांनी. दुसऱ्या दिवशी मला काखेत घेऊन ती गाडीपाशी आली, तवा ते सुरवातीचं भांडण लागलं.

तर येसाजी म्हणाला, मी येत नाय. अंबाबाई आधी नका येऊ म्हणाली, पण मग म्हणाली, तुमाला पण यायला लागेल, मूठ टाकलीय तुमी. आणि तिनं माझ्या गळ्यातली दोरी त्याच्यासमोर धरली.

"ही दोरी कोणाची?"

"सांगडीची," येसाजी म्हणाला.

"मी वळलेली तीन पदरी होती. ही दोन पदरी हाय. माझी दोरी मला पोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पल्याडच्या शेतात दिसली, गवताच्या भाऱ्याला."

माझ्या बिया खुळखुळायला लागल्या. बैलांनी कान टवकारले. येसाजी गाडीच्या चाकाला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

"भाऱ्याला दोरी कमी पडली," तो म्हणाला. "मी सांगडीची सोडून घेतली. परत घरी निघालेल्या पोरीला केळीच्या सोपटानं बांधली. म्हटलं, एक दिवस चालतंय." मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हा काठाला लागला तो मलाच पयला दिसला. सोपटाचा तुकडा काढून मी पाण्यात टाकला, दुसरी दोरी बांधली. पोरीनं गाठ सोडली नव्हती."

"ठाऊक हाय," अंबाबाई म्हणाली. "नऊ वर्सं ठाऊक हाय. मेलेल्या पोरीवर तुमी आळ घातलात, आणि मी रोज तुमाला भाकर वाढली. तुमच्या तोंडनं ऐकायचं होतं."

भागू रडत होती. नामा बापाकडं बघतच नव्हता. येसाजी उठला, त्यानं अंबाबाईच्या हातनं मला घेतलं आणि गाडीत आपल्या मांडीवर ठेवलं. पेणपर्यंत त्यानं मला खाली ठेवलं नाय. धरमतरपर्यंत पण नाय.

आता आमी मंगळ्याच्या होडीत हाओत. ऊन लखलखतंय, पाणी कसं तेलागत निवांत. नामानं गळ टाकलाय, पण दोरी धरायचं त्याला भान नाय. समोर माझा भाऊ हाय. डावा डोळा चुन्याचा, काल काढल्यागत पांढरा. तो लाटेबरोबर हलत नाय, आमच्याकडं बघत थांबलाय.

येसाजीनं फडकं सोडून ती लहान मूठ पाण्यात सोडली. तांदूळ तरंगले नायत, बुडाले पण नायत, मधेच कुठंतरी गेले. "बायजे, गाठ तू सोडली नव्हतीस," तो मोठ्यानं म्हणाला, मंगळ्याला ऐकू जाईल असं. तशी भावाच्या गळ्याचं सोपट सुटलं आणि तो होडीला येऊन लागला. टुक.

मित्रांनो, पाण्यात उतरणाऱ्या पोराची दोरी दोनदा ओढून बघत जा. एक दिवस चालतंय असं म्हणू नका. आणि चूक तुमची असली तर जो परत येऊन बोलू शकत नाय त्याच्या नावावर ती खपवू नका. आमी खुंटीवरनं बघत असतो. आणखी पण सांगायचं होतं, पण मला भावाजवळ पाण्यात सोडायला येसाजीची बोटं माझ्या गळ्याची गाठ सोडतायत, अंबाबाईनं पण त्याच्या हाताला हात लावलाय, आणि खाली पाण्यात कोणीतरी इवलंसं काख उघडून उभं हाय. मला आता निघायला पायजे.