सूचिकेची अकरा वळणं

आमच्या खेळण्यांच्या कारखान्यात पालटवीरांची अधिकृत वर्गवारी साहेबांच्या भिंतीवरच्या तक्त्यात आहे, आणि खरी आम्हा तपासणीवाल्यांच्या बोटांत.

पालटवीर म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतले रूप बदलणारे यंत्रमानव. त्यांची पाच दलं. चक्रदल गाड्यांचं रूप घेतं. त्यात पोटभेद: शर्यतीचे, मालवाहू आणि ते अग्निशामक, ज्यांची शिडी नेमकी आमच्या नखाखाली घुसते. गगनदल उडतं. वनदल जनावरं होतं. महाजोडातले पाच जण एकमेकांत अडकून एक राक्षस उभा करतात, आणि त्या राक्षसाचा गुडघा कोणी व्हायचं यावर मालिकेत सलग दोन भाग भांडण चाललं होतं. त्यात काय एवढं, आमच्या सासरी ते वीस वर्षं चाललंय.

पाचवं गृहदल. यातली कोणी किटली होते, कोणी इस्त्री, कोणी कुलूप. शत्रूचा सेनापती त्यांच्याच इस्त्रीचे कपडे घालून लढाईला जातो आणि त्याला पत्ताच नसतो की अर्धी फौज त्याच्या फळीवर मांडलेली आहे. या दलाची म्होरकी सूचिका. एरवी शिलाई मशीन, आणि अकरा वळणं घेतली की योद्धा. मशीनचं चाक ढाल होतं, सुईची दांडी भाला होते, टेबल मधोमध दुभंगून दोन पाय होतात. सगळ्यात शेवटी खण उघडतो आणि आतून चेहरा वर येतो. मान बसल्याचा बारीकसा ‘टक’ आवाज येतो. तो टक आला की समजायचं, बाई जागी झाली.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन पालटवीरांच्या सूचनापत्रकांवर झालं, त्यामुळे लिहिलेलं पाळायची मला वाईट खोड लागली. आमच्या टेबलासमोर तपासणीचे सात नियम टांगलेत. प्रत्येक नग तीनदा उघडायचा, तीनदा मिटायचा. जोर लागला तर लाल ट्रे. सगळं सुरळीत झालं तर आपल्या नंबराचा ठिपका चिकटवून हिरवा ट्रे. माझा नंबर चार, जागा खिडकीपाशी. पाच नंबरवर माझी धाकटी जाऊ. तिचा गेली नऊ वर्षं त्या खिडकीवर डोळा. घरी आमचं जेवढ्यास तेवढं. इथे मात्र आठ तास कोपराला कोपर लावून.

नवे साहेब आले ते तक्ता घेऊनच. पोरगेलेसे, नाकीडोळी नीटस, बोलायला मऊ. आम्ही त्यांचं नाव तक्तासाहेब ठेवलं. त्यांनी छडी लावून वाचून दाखवलं, “गृहदल आता स्वतंत्र दल राहणार नाही. सहायक उपगट, चक्रदलाच्या अधीन.”

“म्हणजे गाड्यांच्या मोलकरणी?” धाकटी म्हणाली. हळू बोलणं तिला जन्मात जमलं नाही.

साहेब हसले. “सहायकांनी रूप बदलायची कथेत गरज नाही, ताई. किटली किटलीच राहील. सोमवारपासून त्यांचे सांधे चिकटवून येतील. तुमचंही काम हलकं होईल.”

मी साचेवाल्या काकांकडे बघितलं. सूचिकेचा साचा त्यांनी सात महिने घासला होता. तो ‘टक’ हवा तसा येईना म्हणून घरी जेवताना चमच्याने ताट वाजवत बसायचे, असं काकू सांगायच्या. काका जमिनीकडे बघत म्हणाले, “वरून आलंय, बाई.”

वरून. आमच्या आयुष्यात जे जे बिघडलं, ते वरूनच आलं. खालून कधी काही आलं नाही.

सोमवारी पहिला ट्रे आला. मी सूचिका उचलली. बोटं सवयीने चाकाकडे गेली. चाक हलेना. दांडी हलेना. खणाच्या फटीत डिंक सुकून पिवळा पडला होता. सुटे भाग आधीच रंगवून झालेले, म्हणजे आत त्या बंद खणात चेहरा होता. डोळ्यांसकट. मी ते मशीन कानाशी धरून हलवलं. आत काही वाजलं नाही. घट्ट बसवलं होतं.

मी ती लाल ट्रेमध्ये ठेवली. मग दुसरी. तिसरी. किटल्या आल्या, इस्त्र्या आल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या डाव्या हाताला लाल ट्रेंची उतरंड लागली आणि उजव्या हाताचा हिरवा ट्रे कोरा करकरीत.

“जाऊबाई,” धाकटी पुटपुटली, तिच्या मानाने पुटपुटलीच, “नोकरी नकोशी झालीय का? नाही, सांगून टाका. मी आपली खिडकीला पडदा शिवायला घेते.”

“तू तुझ्या वाघांचे पंजे बघ,” मी म्हटलं.

तेवढ्यात साहेब आले. उतरंड बघून त्यांचा मऊपणा जरा वाळला. “अहो ताई, हा दोष नाही. हा निर्णय आहे.”

“असेल ना. पण निर्णयाला ट्रे कुठला? मला लाल आणि हिरवा दोनच दिलेत.”

“हे बदलणारं खेळणंच नाही आता!”

मी टेबलाखालचा सूचिकेचा रिकामा डबा उचलून त्यांच्यापुढे धरला. प्रत्येक डब्यावर असतं तेच ठसठशीत छापलं होतं: ‘दोन रूपं, एक जीव!’ तक्ता बदलताना डब्याकडे बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मग मी भिंतीवरचा सहावा नियम बोटाने दाखवला. डब्यावर लिहिलेलं हातात होत नसेल, तर नग नापास.

“साठ हजार डबे छापून झालेत,” साहेब म्हणाले.

“मग वाचून छापायचे.”

मागे कुणीतरी खोकल्याच्या मिषाने हसलं. साहेबांचे कान लाल झाले. मला त्यांची जरा दयाच आली. घरी आई असेल, ती कपडे शिवत असेल, यांना ठाऊकही नसेल. पण दया आली म्हणून ठिपका लावता येत नाही.

“चार नंबर, उठा,” ते म्हणाले. “उद्यापासून बांधणीत. पाच नंबर, तुम्ही इथे बसा. ठिपके लावा.”

मी उठले. बांधणी म्हणजे दिवसभर उभं राहून डबे चिकटवायचे. माझे गुडघे महाजोडाच्या गुडघ्यापेक्षाही गेलेले.

धाकटीने रुमालाने माझं स्टूल पुसलं. चांगलं दोनदा. खिडकीतून बाहेर बघितलं. नऊ वर्षांची इच्छा पुरी झाली, बसली थाटात. सूचिका उचलून तिने चाकाला हात घातला.

“अगं बाई, ही तर रुसूनच बसलीय!”

तिने केसातली पिन काढली, खणाच्या फटीत घातली आणि दात आवळून फिरवली. डिंक कडकडला. खण उघडला. चेहरा अर्धवट वर आला, गालाला डिंक, एक डोळा झाकलेला. तिने तो साहेबांसमोर धरला.

“साहेब, हिला तोंड आहे. तुम्ही नीट बघितलंच नाही वाटतं?”

आणि नग लाल ट्रेमध्ये ठेवला. दुसरा उचलला. तोही लालमध्ये. “पुढची कोण?” ती मागे न बघता ओरडली. “मला उठवलं तर सहा नंबरने तयार राहा. पिना आहेत ना सगळ्यांकडे?”

होत्या. सहा नंबरने काढून दाखवली. सात नंबरने दोन.

साहेब फोनकडे गेले. कुणाशी बोलले, काय बोलले, माहीत नाही. काचेतून एवढंच दिसलं की ते ऐकत जास्त होते आणि त्यांची छडी टेबलाखाली पडली होती. तोवर साचेवाले काका आले. हातात डिंकाचा डबा. त्यांनी झाकण घट्ट लावलं, डबा माझ्या लाल ट्रेंवर ठेवला आणि म्हणाले, “हाही नापास.”

गुरुवारी सूचिका सुट्या सांध्यांनी आल्या. साठ हजार डबे फुकट घालवण्यापेक्षा डिंक फुकट गेलेला बरा, असा नवा निर्णय वरून आला म्हणे. तक्त्यावर मात्र अजून ‘सहायक’च लिहिलेलं आहे. साहेबांनी पुसलं नाही, आणि मला बांधणीतून परतही बोलावलं नाही. मी उभी असते. संध्याकाळी गुडघे बोलतात.

पण खिडकीपाशी धाकटी प्रत्येक सूचिकेला अकरा वळणं देते, आणि आता मुद्दाम शेवटचं वळण माझ्याकडे तोंड करून देते. हॉलभर यंत्रांचा गोंगाट असतो, तरी मला ऐकू येतं.

टक.

“ऐकलंत का, जाऊबाई?” ती ओरडते.

“बहिरी नाही मी!” मी ओरडते, आणि पुढचा डबा उचलते.