‘खराब’ नावाचा फोल्डर

बाबांनी वॉचमनला चष्मा पुसायला सांगितलं आणि त्याच दिवशी बोलणं सोडलं.

वॉचमनला चष्मा नाहीच. तो दारात उभा राहून एवढंच विचारत होता की उद्या गच्चीवरची टाकी धुणार आहेत, तर सकाळी थोडा वेळ पाणी बंद ठेवलं तर चालेल ना. बाबांनी टॅबलेटवरचं ‘हो’चं बटण दाबलं. टॅबलेटमधून बाबांचाच आवाज आला, “हो.” आणि जरा थांबून, अगदी मऊ सुरात, “आधी तो चष्मा पूस बघू तुझा. काही दिसतंय का त्यातून?” वॉचमनने हाताने डोळे चोळले, ‘बरं’ म्हणाला आणि जिना उतरून गेला. आत आईची हसून हसून मुरकुंडी वळली. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी टॅबलेट ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर लावला आणि माळ्यावरून माझी शाळेतली पाटी काढून आणली.

आता यात माझा काय संबंध, असं कुणी विचारेल. सगळा संबंध माझाच होता.

बाबा आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. शिकणाऱ्याने गाडी फुटपाथवर चढवली तरी यांचा आवाज चढायचा नाही. ‘सावकाश, आता ब्रेक, छान’ हे ते अशा सुरात म्हणायचे की समोरच्याला वाटावं, फुटपाथवर चढायचंच होतं. मग घशाचं दुखणं निघालं आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी बाबांनी रोज लागणारी वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवली. आई समोर बसून माइक धरायची आणि बाबा बोलायचे. ‘हो’, ‘नाही’, ‘चहा चालेल’, ‘दार कोण वाजवतंय’, ‘सुटे पैसे आहेत का’, ‘डॉक्टर, इथे दुखतं’. टॅबलेटवर प्रत्येक वाक्याचं एक बटण. बटण दाबलं की बाबा बोलतात. भाजीवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांना त्याची सवय झाली होती, आणि बाबांनाही.

तर तो टॅबलेट हातातून पडून कामातून गेला. नवा आणला आणि बॅकअपच्या डिस्कवरून सगळं परत भरायचं काम मी अंगावर घेतलं. मी औषधांच्या गोदामात काम करते. तिथे एक खोकं चुकीच्या फळीवर दिसलं तरी माझे हात शिवशिवतात, म्हणून बाबा मला इन्स्पेक्टर म्हणायचे. अशा कामाला घरात दुसरं कोण पुढे होणार? रिस्टोअर अर्ध्यात आलं आणि बंद पडलं. मी पुन्हा सुरू केलं. कॉम्प्युटरने विचारलं, याच नावाच्या फायली आधीच आहेत, काय करू? मी म्हटलं, दोन्ही ठेव. तेवढ्यात डिस्कने टक टक असा आवाज केला आणि मान टाकली, ती पुन्हा काही उठली नाही. फोल्डर सगळे मोडले होते. एका मोठ्या ढिगात ‘हो’, ‘हो (1)’, ‘हो (2)’, ‘नाही’, ‘नाही (1)’ असा सगळा संसार पडला होता. बटणं त्यातली हाताला लागेल ती फाइल उचलत होती, आणि वॉचमन नेमका तेव्हाच दारात आला.

धाकट्या भावाला फोन केला. तो लांब राहतो आणि त्याचे सल्ले फुकट असतात. तो म्हणाला, सोप्पं आहे, जुळ्या फायली शोधणारा प्रोग्रॅम चालव आणि एका झटक्यात उडव. मी म्हटलं, डिस्क गेली आहे, इथून उडालं की गेलंच. मग तो म्हणाला, जपून उडव. इतकं डोकं लावल्याबद्दल मी त्याचे आभार मानले.

प्रोग्रॅम चालवला. नुसतं नाव बघून जुळ्या ठरवू नकोस, आतला आवाज ताडून बघ, असं मी त्याला सांगितलं होतं, आणि हे मी केलं नसतं तर काय झालं असतं याचा विचारसुद्धा नको वाटतो. ज्या खरोखर एकसारख्या होत्या त्या भराभर गेल्या. ढीग निम्म्यावर आला आणि मला बरं वाटलं. पण तरीही कित्येक नावं दोनदा उरली. नाव तेच, आवाज वेगळा. एक फाइल छोटी आणि एक लांब.

आईला विचारलं. आई लगेच म्हणाली, लांब असतील त्या खराब. रेकॉर्डिंग करताना चुकायचं, कधी खोकला यायचा, कधी मधेच बोलायचे हे. तशा चुकलेल्या फायली तिने ‘खराब’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. नावं तीच राहिली, कारण नावं बदलायची असतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मी विचारलं, खराब होत्या तर ठेवल्यास कशाला. आईच्या स्वयंपाकघरात रिकाम्या बरण्यांची एक अख्खी फळी आहे, म्हणून उत्तर मला माहीत होतं. “टाकवत नाही गं,” ती म्हणाली.

पण आता तिलाच घाई झाली होती. बाबा पाटीवर लिहीत होते आणि पाटीवरचं लिहिणं फार तुटक असतं. ‘चहा.’ ‘नको.’ ‘झोपतो.’ भाजीवाल्याकडे जाणं त्यांनी बंद केलं. वॉचमन दिसला की मागच्या जिन्याने यायचे. ज्या माणसाने अर्ध्या गावाला न ओरडता गाडी शिकवली, तो घरात खडू घेऊन बसला होता. मला ते बघवत नव्हतं आणि आईला तर त्याहून नाही.

म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बसलो. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते, दार उघडं होतं. मी फाइल वाजवायची आणि आईने ठेव किंवा उडव एवढंच म्हणायचं, असं ठरलं.

“चहा चालेल.” ठेव.

“चहा चालेल. पण तू कर, पोरीने केला की नुसतं गरम पाणी लागतं.” उडव, आई म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. “मी नाही, ते म्हणालेत,” ती म्हणाली.

“दार कोण वाजवतंय?” ठेव.

“दार कोण वाजवतंय? मॅडम, माइक नीट धरा. मागे आमचं गेट तोडलंत, तेवढं पुरे.”

आई फक्त मान हलवून पुढे चल म्हणाली, पण तिचा चेहरा बदलला होता. ती बाबांकडेच गाडी शिकायला जायची. पहिल्याच आठवड्यात तिने ड्रायव्हिंग स्कूलचं गेट पाडलं आणि परीक्षेत नापास झाली. लायसन्स मिळालं नाही, नवरा मिळाला, असं ती सांगते. बाबा तिला तेव्हापासून मॅडम म्हणतात. म्हणजे म्हणायचे. ऑपरेशननंतर मी तो शब्द ऐकलाच नव्हता, आणि ऐकला नव्हता हेही मला आत्ता कळलं.

आम्ही पुढे गेलो. छोट्या फायली सगळ्या एका सुरातल्या होत्या. स्वच्छ, सावकाश, शिकवणीतला आवाज. तो आवाज डॉक्टरला चालेल, बँकेला चालेल, मलाही चालत होता. लांब फायलींमध्ये मात्र सुरुवातीचा एखादा शब्द जगासाठी होता आणि पुढचं सगळं समोर माइक धरून बसलेल्या बाईसाठी. ‘दमलीस का, थांबू या?’ ‘आता हसू नकोस, मला हसू येतं.’ ‘हे वाक्य कुणी निवडलं, मी असं कधी बोलतो?’ टॅबलेटवर सगळ्यांशी बोलायची बटणं होती. आईशी बोलायचं एकही नव्हतं. आईने वाक्यं निवडली होती आणि तिने स्वतःला धरलंच नव्हतं. मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळतं, असं ती नेहमी म्हणायची.

मग ‘नाही’ची लांब फाइल आली.

“नाही.” मग बराच वेळ काही नाही. मग बाबांचा आवाज, “अगं, रडतेस काय? मी नुसतं ‘नाही’ म्हणून दाखवतोय. कुठे जात नाहीये मी. चल, परत घेऊ.”

मी वाजवणं थांबवलं. आई चष्मा काढून टेबलावरच्या डागाकडे बघत होती.

मी म्हटलं, आई, या उडवायला नकोत, मी वेगळ्या ठेवते. तेव्हा ती पहिल्यांदा जरा मोठ्याने बोलली.

“वेगळ्याच ठेवल्या होत्या की मी. काय झालं मग? परत एकदा चारचौघांत असं झालं ना, तर ते कायमची पाटी धरतील. मला माझं ऐकायला नकोय, त्यांनी बोलायला हवंय. उडव सगळ्या.”

तिचं चूक होतं असं मला म्हणता येईना. मी सगळ्या लांब फायलींवर खूण केली. कॉम्प्युटरने विचारलं, या कायमच्या काढून टाकायच्या? आईला वाटलं मी मुद्दाम वेळ काढतेय, म्हणून तिने माउस स्वतःकडे ओढला. तिला माउस नीट जमत नाही. बाण बटणाच्या आजूबाजूला फिरत राहिला.

बाबा कधी बाहेर येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि आईच्या डाव्या हाताला बसले. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचे तसेच. मग तिच्या माउसवरच्या हातावर हात ठेवला आणि तिचा हात सावकाश बाजूला घेतला. कॉम्प्युटरला ‘रद्द’ सांगितलं. मग एकेका लांब फाइलवरची खूण काढायला लागले. घाई अजिबात नाही. आई म्हणाली, “अहो, परत गोंधळ होईल, लोक हसतील.” बाबांनी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘हसू दे.’ ते पुसून पुन्हा लिहिलं, ‘वॉचमनचे डोळे तरी स्वच्छ झाले.’

आई हसता हसता रडली, की रडता रडता हसली, मला सांगता येणार नाही. मी पाणी आणायला उठले, कारण कुणीतरी उठायला हवं होतं.

मग मी माझं काम नीट केलं. छोट्या फायली बटणांना एकेक करून जोडल्या आणि प्रत्येक बटण दाबून बघितलं. लांब फायलींची नावं बदलली, त्यांना टॅबलेटवर वेगळं पान केलं आणि तिथे चुकून बोट जाऊ नये म्हणून ते सगळ्यात मागे ठेवलं. सगळ्याच्या दोन प्रती दोन नव्या डिस्कवर घेतल्या आणि एक भावाकडे पाठवली, त्यालाही काहीतरी काम हवं. पानाला नाव काय देऊ, असं बाबांना विचारलं. त्यांनी पाटीवर आधी आईचं ‘खराब’ लिहिलं, ते खोडलं आणि खाली ‘मॅडम’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबा टॅबलेट घेऊन खाली गेले. वॉचमनने विचारलं, काय, बरं आहे ना? बाबांनी बटण दाबलं, टॅबलेट ‘हो’ म्हणाला आणि पुढे काहीच बोलला नाही. वॉचमन जरा वेळ वाट बघत उभा होता म्हणे.

घरात मात्र ते मागचंच पान उघडं असतं. आई स्वयंपाकघरात असली की बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज येतो, “दमलीस का, थांबू या?” आईचे कान अजून शाबूत आहेत. शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा तिला शब्दन् शब्द ऐकू येतं. तरी ती हातातलं काम थांबवून मोठ्याने विचारते, “काय म्हणालात?”

आणि बाबा तेच बटण पुन्हा दाबतात.