जेवणावर कॉफी नको

आमच्या गावच्या बायकांच्या नावेला चौदा वल्ही आणि एक सुकाणू. सुकाणूवर माझी सासू, राइली. माझी जागा तिच्यासमोरच्या फळीवर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. वल्हवताना मला तिचं तोंड दिसतं आणि तिला माझं. सासू-सुनेनं इतकं समोरासमोर बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण नाव बांधताना माझं मत कोण विचारणार.

पाळीचे पहिले दोन दिवस माझे हाल असायचे. पोटात कळा, कंबर मोडलेली, अंगावरून इतकं जायचं की जिना चढताना मध्येच थांबावं लागे. मे महिन्यात सरावाला ऐन तलावाच्या मध्यावर माझ्या हातातून वल्हं सुटलं आणि सगळ्या नावेला गचका बसला. धक्क्यावर उतरल्यावर राइलीनं विचारलं,

"जुलैतल्या शर्यतीला तुझी पाळी कुठे येतेय?"

"त्याच शनिवारी."

"मग तुझ्या जागी राखीवातली सेइया बसेल."

"दोन वर्षं मी बसतेय त्या जागेवर, राइली."

"आणि दोन वर्षं मी तुझा पांढरा पडलेला चेहरा बघतेय. मध्येच चक्कर येऊन पडलीस तर तुला धरू की सुकाणू धरू?"

तिचं म्हणणं खरं होतं, पण ती जागा मला हवी होती. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिला हिवाळाभर माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. इथली माणसं शब्द जपून वापरतात, परक्यावर तर मुळीच उधळत नाहीत. मला गावात घेतलं ते त्या नावेनं. ती सुटली तर मी परत यार्कोची बायको, बाकी कोणी नाही.

राइली निष्ठुर नाही हो. गुरुवारी सराव झाला की जेवण तिच्याकडे, आणि ते खास माझ्यासाठी. डुकराच्या रक्ताची काळी धिरडी, वर लिंगनबेरीचा आंबट मुरंबा. नाहीतर कलेजी घालून भट्टीत भाजलेला भात. "खा. गेलेलं रक्त असंच भरून येतं," म्हणायची, आणि ताट अर्धं व्हायच्या आत माझा कॉफीचा कप भरायची. तो संपला की पुन्हा भरायची. मग वेलदोड्याच्या गोड पावाबरोबर आणखी एक.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी सगळं तपासलं. दुसरं काही निघालं नाही, पण रक्तात लोह अगदी तळाला गेलेलं. गोळ्या दिल्या. तिथली नर्स मिर्वा खाण्याचं विचारू लागली तशी मी तोऱ्यात कलेजीपासून सगळं सांगितलं.

"आणि सोबत काय पितेस?"

"कॉफी."

"कधी?"

"कधी म्हणजे?"

मिर्वा हसायलाच लागली. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत तुझी. सासू रांधते, तू खातेस, आणि त्यातलं लोह अंगी लागायच्या आत कॉफी आडवी येते. जेवणाआधी तासभर आणि नंतर दोन तास कॉफी बंद. गोळीबरोबर तर नावच काढू नकोस. आणि पाळीत रिकाम्या पोटी नुसत्या कॉफीवर दिवस ढकलतेस ना? ते सोड. ओटची लापशी, मासे, वाटाण्याचं सूप, थोडं थोडं पण गरम खा."

तिला सांगायला काय जातंय. राइलीच्या टेबलाशी तिला थोडंच बसायचं होतं.

त्या गुरुवारी मी कपावर हात ठेवला. "मला नको. जेवण झाल्यावर दोन तासांनी घेईन."

राइली किटली हातात धरून तशीच उभी राहिली. "माझी कॉफी कडू झाली?"

"घे गं अर्धा कप," यार्को म्हणाला. "कशाला उगाच वाढवतेस?"

नवऱ्यानं आईसमोर असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "तुझ्या कलेजीला तोड नाही, राइली. पण तुझी कॉफी ती माझ्या अंगी लागू देत नाही. मिर्वानं सांगितलंय."

"मिर्वा काल जन्मली," राइली म्हणाली. "या घरात आजवर कोणी कॉफीला नाही म्हटलेलं नाही."

नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. गुरुवारचं जेवण बंद झालं. नावेत माझ्या जागी सेइया बसू लागली आणि मी धक्क्यावरून दोऱ्या सोडायचं काम करू लागले. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. त्या रागात मी घरी नेमानं रांधलं. तळ्यातले बारके मासे राय धान्याच्या पिठात घोळवून तळले, धिरडी स्वतः घातली, दोनदा करपवली. लापशीत मूठभर बिया घातल्या. कॉफी मात्र टळत्या दुपारी एकटीनं, चोरून प्यायल्यासारखी.

जूनमधली पाळी जरा सुसह्य गेली. कळा होत्या, पण मी जिना न थांबता चढले.

शर्यतीच्या आधीचा शेवटचा सराव गुरुवारी होता, आणि पाळी दोन दिवस आधीच, त्याच सकाळी आली. मी धक्क्यावर जाऊन म्हटलं, "राइली, आज मला बसव. मुद्दाम आजच."

तिला काय ते कळलं. तिनं सेइयाला हातानं खूण करून उठवलं.

पलीकडचा किनारा गाठून आम्ही परत आलो. पोट दुखत होतं, नाही कशाला म्हणू. पण हात माझ्या ताब्यात होते आणि दम पुरला. सगळा वेळ राइलीनं माझ्या तोंडावरची नजर हलवली नाही. बायका उतरून सौनाकडे, वाफेच्या अंघोळीला, गेल्या तरी ती सुकाणू धरून बसूनच राहिली, म्हणून मीही बसले. आता निकाल लागणार, असं वाटलं.

"शनिवारी तूच बस," ती म्हणाली. मग तिनं माझी फळी थोपटली. "या जागेवर आधी मी होते. ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं.

"माझेही तुझ्यासारखेच हाल व्हायचे दर महिन्याला. माझी सासू म्हणायची, आळशीपणा आहे, कॉफी पी आणि ऊठ. मी प्यायची आणि उठायची. एकदा तलावात वल्हं सोडलं, मग मीच म्हटलं, मला सुकाणू द्या. लोकांना वाटतं, राइलीला हुकूम सोडायची हौस." तिनं सुकाणू सोडलं. "इतकी वर्षं गं. एवढ्या साध्या गोष्टीपायी. मला कोणी सांगितलंच नाही."

मला रडू आलं. तिच्यावरचा माझा राग मी किती जपून ठेवला होता, आणि तो असा हातातून गेला.

"आता तर पाळी जाऊनही किती वर्षं झाली," ती म्हणाली, आणि उठून माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसली. वल्ह्याची मूठ तिनं दोन्ही हातांत धरली. "धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. बघ, मला जमतंय का."